मलिक अंबरची नहर आणि भूदृश्याचे शिक्षण

मलिक अंबर म्हटले की आपल्याला गनिमी कावा आठवतो, फार तर जमीन महसुलाची पद्धत आठवते. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस आपल्या शालेय पुस्तकात लढायांपुरताच उरला आहे. माझ्या मते त्याचे सर्वात टिकाऊ काम जमिनीखाली आहे.

१६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. पुढे त्याचेच औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. गाव नावाप्रमाणेच खडकाळ होते. राजधानी करायची तर बारमाही पाणी हवे. मोठी नदी जवळ नाही. अशा वेळी अंबरने उत्तरेकडील डोंगराळ, चढाच्या भागाचा विचार केला. हर्सूलच्या बाजूला जमिनीत मुरणारे पाणी भुयारी मार्गात झिरपू द्यायचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, अशी ही योजना होती. हीच नहर-ए-अंबरी. देखभालीसाठी वाटेत माणूस उतरू शकेल अशी तोंडे ठेवली होती. ठिकठिकाणी उभारलेल्या उंच मनोऱ्यांना लोक बंब म्हणतात. त्यांत पाणी वर चढे, नळातील हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे. पुढे याच तत्त्वावर आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की अशाच नहरीच्या पाण्यावर फिरत असे आणि तिथल्या पिठावर फकीर, विद्यार्थी, वाटसरू जेवत असत.

या कामात आधी जमीन वाचली गेली आणि मग शहर आखले गेले. उतार कुठे, पाणी कुठे मुरते, खडक कुठे लागतो हे कळल्याशिवाय अशी नहर होऊच शकत नाही. आज हे ज्ञान भूदृश्य वास्तुकला, म्हणजे लँडस्केप आर्किटेक्चर, या नावाने विद्यापीठात शिकवले जाते. १९६९ मध्ये अमेरिकेत इयन मॅकहार्ग यांचे ‘डिझाइन विथ नेचर’ हे पुस्तक आले. माती, पाणी, उतार, झाडी यांचे वेगवेगळे नकाशे एकावर एक ठेवून कुठे बांधावे आणि कुठे हात लावू नये हे ठरवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली.

आपल्याकडे अनेकांना हा विषय म्हणजे बंगल्यापुढची हिरवळ वाटते. दिल्लीचे मोहम्मद शहीर यांचे काम पाहिले की हा गैरसमज जातो. स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये त्यांनी पिढ्या घडवल्या. हुमायूनच्या मकबऱ्याची बाग सावरण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तिथे कोरडे पडलेले पाट पुन्हा वाहते झाले, जुन्या विहिरी साफ झाल्या, पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय झाली. शेजारच्या सुंदर नर्सरीचा आराखडाही त्यांचाच. ती २०१८ मध्ये लोकांसाठी खुली झाली, पण ते पाहायला शहीर हयात नव्हते.

मुसलमानांचा वारसा म्हणजे मकबरे आणि किल्ले, असे इतर म्हणतात आणि आपणही तेच धरून बसतो. मग नहरीवर घरे चढली, रस्त्याच्या खोदकामात नळ फुटले, तरी कुणाला काही हरवल्यासारखे वाटत नाही. त्याच शहराला आज सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडीतून पंपाने पाणी आणावे लागते आणि तरी नळाला रोज पाणी येत नाही. नहरी आजच्या लोकसंख्येची तहान भागवतील असा माझा दावा नाही. पण पाणी मुरण्याच्या जागा राखूनच वस्ती वाढवावी, हा धडा चारशे वर्षांनीही शिळा झालेला नाही.

आपली मुले अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि फार्मसीच्या रांगेत उभी असतात. त्यांतली काही आर्किटेक्चरकडे वळतात. पाच वर्षांची ती पदवी घेऊन भूदृश्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला जाता येते. अंबरवर अभिमानाची भाषणे पुष्कळ झाली. त्याच्या नहरीचा उतार मोजू शकणारी, नकाशावर तिचा मार्ग आखून महापालिकेपुढे ठेवू शकणारी चार मुले-मुली निघाली, तर ते त्या भाषणांहून मोलाचे ठरेल.