सीपॅप : रात्रीच्या नोंदी

झोपेत घशाची वाट मिटून श्वास वारंवार अडतो, त्या स्लीप ॲप्निया विकारावर मास्कमधून सतत दाबाची हवा देणारे यंत्र. सिडनी विद्यापीठातील कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मधून ही पद्धत प्रथम मांडली. आजची यंत्रे हवा देतात तसा प्रत्येक श्वासाचा प्रवाहही मोजतात आणि सकाळी आकडे दाखवतात.

गळती : नवख्याने आधी हा रकाना वाचावा, मग एएचआय, म्हणजे श्वास अडण्याच्या घटनांचा आकडा. सोडलेला श्वास बाहेर जावा म्हणून मास्कला मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात. रेसमेड कंपनीची यंत्रे त्यांतून जाणारी हवा वजा करून उरलेली गळती दाखवतात आणि मिनिटाला २४ लिटरपुढची जास्त मानतात. फिलिप्सच्या यंत्रांत एकूण गळती दिसते. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून काही हाती लागत नाही. गळती मोठी असली की प्रवाहाचे मापनच बिघडते व घटना निसटतात, म्हणून अशा रात्रीच्या कमी एएचआयवर भिस्त ठेवू नये. दाढी, झिजलेले कुशन, सैल पट्टे, नाकाचा मास्क असताना तोंड उघडे पडणे ही नेहमीची कारणे. पट्टे करकचून आवळल्यास कुशन दबून गळती उलट वाढू शकते.

एएचआय : श्वास थांबण्याच्या आणि उथळ होण्याच्या दर तासाच्या घटना. प्रवाह किमान १० सेकंद जवळजवळ बंद पडला तर ॲप्निया, बराच घटला तर हायपॉप्निया. किती घटला म्हणजे हायपॉप्निया, याचे निकष एकसारखे नाहीत. निदानात ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. उपचारात तो ५ च्या खाली असावा असा संकेत आहे. निद्राचाचणीत मेंदूच्या लहरीही नोंदतात, यंत्राला मात्र प्रवाहच कळतो. त्याच्या लेखी मास्क चढला की माणूस झोपला. जागे पडून काढलेले दोन तासही भागाकारात येतात व आकडा खाली उतरतो. उलट कूस बदलताना रोखलेला श्वास घटना म्हणून चढतो. एका रात्रीवरून काही ठरवू नये, दोन आठवड्यांचा कल पाहावा.

सेंट्रल घटना : घसा मोकळा, पण मेंदूकडून श्वासाची आज्ञाच येत नाही. श्वास थांबलेला असताना काही यंत्रे दाबाचे बारीक हेलकावे सोडून वाट उघडी आहे का हे अजमावतात. उपचाराच्या आरंभी या घटना दिसल्या तरी पुष्कळांत काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतात. टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे. दाब परस्पर वाढवू नये.

दाब : बहुतेक यंत्रांत पाण्याच्या स्तंभाचे ४ ते २० सेंमी. '९५ टक्के दाब' म्हणजे रात्रीचा तितका वेळ दाब त्या आकड्याइतका वा कमी होता.

ऑक्सिजन : घरगुती यंत्रे सहसा मोजत नाहीत.

वापराचे तास : अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत सलग ३० दिवसांतील ७० टक्के रात्री किमान ४ तास ही अट आहे. ती खर्चमंजुरीची रेषा, पुरेशा उपचाराची नव्हे. सीपॅपच्या २०१६ मधील 'सेव्ह' या वैद्यकीय चाचणीत भारतासह सात देशांतील २,७१७ रुग्ण होते. यंत्र मिळालेल्यांचा सरासरी वापर रात्री ३.३ तास भरला. दिवसाच्या झोपाळूपणाची तक्रार कमी झाली, हृदयविकार व पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. कमी वापर हेच कारण का, याविषयी मतभेद आहेत.

गुण : रेसमेडच्या मायएअर ॲपमधील १०० पैकी ७० गुण तासांना, २० मास्कच्या बसणीला; एएचआयच्या वाट्याला ५.