अल्जीयर्समधील अमेरिकी खलाशांचे दास्य आणि कॅरोलायनाची भातशेती

उत्तर आफ्रिकेतील अल्जीयर्स राज्याने १७८५ ते १७९६ या काळात अमेरिकी व्यापारी जहाजे पकडून त्यांवरील खलाशांना गुलाम केले. पकडलेली जहाजे ज्या सागरी व्यापारात होती, तो व्यापार अमेरिकेतील वसाहतकाळापासूनच्या शेतीवर उभा होता आणि त्या शेतीचा मोठा भाग आफ्रिकी गुलामांच्या श्रमावर चालत होता. त्यामुळे समुद्रावरचे दास्य आणि शिवारातले दास्य यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

भाताचे मळे : साउथ कॅरोलायनाची इंग्रज वसाहत १६७० मध्ये वसली. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे भाताचे पीक रुजले. पश्चिम आफ्रिकेच्या भातपिकाऊ प्रदेशांतून पकडून आणलेल्या अनेकांना हे पीक ठाऊक होते. १७०८ पर्यंत वसाहतीत आफ्रिकी वंशाचे लोक गोऱ्यांहून अधिक झाले होते. दलदल उपसून त्यांनी बांध घातले. पुढे भरतीच्या रेट्याने नदीचे गोडे पाणी खाचरात घ्यायचे आणि ओहोटीला सोडायचे, यासाठी झडपा बसवलेल्या लाकडी नळ्या वापरात आल्या. खुरपणीसारख्या कामाचा रोजचा वाटा साधारण पाव एकर, म्हणजे दहा गुंठे असे. शेतातले काम उरकल्यावर भात उखळात मुसळाने कांडायचे आणि गवताच्या पसरट टोपल्यांतून पाखडायचे. हिवताप आणि कष्ट यांमुळे या मळ्यांवर मृत्यूचे प्रमाण मोठे होते.

व्यापार आणि परवाने : ब्रिटिश संसदेने १७३० मध्ये कॅरोलायनाचा तांदूळ फिनिस्टर भूशिराच्या दक्षिणेकडील युरोपीय बंदरांत थेट नेण्यास परवानगी दिली. न्यू इंग्लंडमधील उत्तम प्रतीची खारवलेली सुकी मासळी स्पेन-पोर्तुगालकडे जाई. हलकी मासळी वेस्ट इंडीजमधील ऊसमळ्यांवर गुलामांच्या पोटाला जाई. वसाहतीच्या जहाजांना ब्रिटिश परवान्यांचे संरक्षण असे. चर्मपत्रावरचा हा परवाना नागमोडी कापलेला असे. त्याच्या वरच्या कडेचा तुकडा उत्तर आफ्रिकेतील राज्यांकडे पाठवला जाई. जहाज अडवल्यावर तेथील कप्तान आपल्याजवळचा तुकडा परवान्याला जुळवून पाही. कडा जुळल्या की जहाज मोकळे. स्वातंत्र्याबरोबर अमेरिकी जहाजांनी हे कवच गमावले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन यांच्या डिसेंबर १७९० च्या अहवालानुसार अमेरिकी क्रांतीपूर्वी सुमारे १/६ गहू व पीठ, मूल्याने सुमारे १/४ मासळी आणि काही तांदूळ यांची निर्यात भूमध्य समुद्रातील बंदरांकडे होत असे. या व्यापारात दरवर्षी ८० ते १०० जहाजे आणि सुमारे १,२०० खलाशी गुंतलेले असत.

पकड : १७८५ मध्ये स्पेनशी युद्धबंदी झाल्याने अल्जीयर्सच्या जहाजांना अटलांटिक महासागर खुला झाला. त्याच वर्षी जुलैत बोस्टनचे ‘मारिया’ आणि फिलाडेल्फियाचे ‘डॉफिन’ ही जहाजे पकडली गेली. दोन्हींवर मिळून २१ माणसे होती. १७९३ मध्ये पोर्तुगालशीही युद्धबंदी होताच काही आठवड्यांत आणखी ११ जहाजे हाती लागली आणि कैद्यांत शंभराहून अधिकांची भर पडली.

कैदेतील जीवन : कैद्यांना रात्री ‘बान्यो’ नावाच्या तुरुंगवजा इमारतींत कोंडत. दिवसा गोदीत किंवा खाणीत काम असे. ‘पॉली’ जहाजावरील खलाशी जॉन फॉस यांनी १७९८ च्या आपल्या वृत्तांतात हे काम वर्णिले आहे. डोंगरात सुरुंगाने फोडलेले प्रचंड धोंडे घसरगाड्यांवर चढवून माणसांनी ओढत आणायचे आणि बंदराचा धक्का राखण्यासाठी पाण्यात टाकायचे. लाटा ते खोल पाण्यात लोटत, म्हणून काम कधी संपतच नसे. आहार काळ्या, आंबट पावाचा. पायांत बेड्या. प्लेगने अनेकजण दगावले. तरी वर जाण्याच्या वाटा काहींना सापडल्या. ‘मारिया’वरील जेम्स लिअँडर कॅथकार्ट राजवाड्याच्या बागेतील कामापासून सुरुवात करून १७९२ मध्ये तेथील शासकाचे, म्हणजे ‘दे’चे, प्रमुख ख्रिस्ती चिटणीस झाले. याच अल्जीयर्समध्ये सहारा ओलांडून आणलेले आफ्रिकी गुलामही होते. त्यांच्यासाठी खंडणी घेऊन येणारे कोणीच नव्हते.

सुटका : १७८६ मध्ये २१ कैद्यांसाठी ५९,४९६ डॉलर मागण्यात आले; अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेली रक्कम त्यापुढे फारच तोकडी होती. १७९३ नंतर कैद्यांची पत्रे वृत्तपत्रांत झळकली, ठिकठिकाणी वर्गणी जमली आणि मार्च १७९४ मध्ये सहा लढाऊ जहाजे बांधण्याचा कायदा झाला. अल्जीयर्सशी झालेल्या सप्टेंबर १७९५ च्या तहात ६,४२,५०० डॉलर आणि दरवर्षी जहाजबांधणीचे साहित्य देण्याचे ठरले. हयात कैदी १७९६ मध्ये सुटले.

दास्याचा वाद : मार्च १७९० मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, बेंजामिन फ्रँक्लिन यांनी अल्जीयर्समधील एका काल्पनिक दरबाऱ्याचे भाषण प्रसिद्ध केले. ख्रिस्ती गुलाम सोडले तर आपल्या उष्ण प्रदेशात शेती कोण कसणार, असा त्याचा सवाल. जॉर्जियाचे प्रतिनिधी जेम्स जॅक्सन यांनी गुलामगिरीच्या बाजूने काँग्रेसमध्ये केलेल्या युक्तिवादाचाच तो आरसा होता.

दोन्ही दास्ये सारखी मात्र नव्हती. खलाशाच्या दास्याला खंडणीने शेवट होता; मळ्यावरचे दास्य जन्मभराचे होते आणि आईकडून लेकरांकडे जाई. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ६ लाख ९७ हजार गुलाम मोजले गेले. नॉर्थ कॅरोलायनात मालकांनी मुक्त केलेल्या कृष्णवर्णीयांना तेथील कायद्याने पकडून पुन्हा विकता येई. त्या भीतीने फिलाडेल्फियात आलेल्या चौघांनी जानेवारी १७९७ मध्ये काँग्रेसकडे संरक्षण मागितले. खलाशांच्या सुटकेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. प्रतिनिधिगृहाने ५० विरुद्ध ३३ मतांनी अर्ज दाखल करून घेण्यासही नकार दिला. दास्य किती क्रूर असते हे या सभागृहाला नीट ठाऊक होते; कोणाचे दास्य दूर करायचे, एवढीच निवड त्याने केली.

ब्रिटिश-डच आरमाराच्या तोफमाऱ्यानंतर १८१६ मध्ये अल्जीयर्सने ख्रिस्ती कैद्यांना गुलाम करणे सोडण्याचे मान्य केले. भाताच्या मळ्यांवरील गुलामगिरी कायद्याने संपायला १८६५ उजाडावे लागले.