भुवया, गोंदण आणि अरफजांचं नाक

नांदेडच्या माझ्या खालाजाद बहिणीच्या भुवया चाईने गेल्या. पार्लरवाली म्हणाली, "पर्मनंट टॅटू करून घ्या." घरच्यांचं एकच उत्तर: गोंदणं हराम. आपाने मला विचारलं, "तू इतिहास वाचतोस ना, मग सांग."

मराठवाड्यात गोंदण जुनंच. गावोगाव फिरणाऱ्या गोंदणाऱ्या बाया कपाळावर, हातावर हिरवे ठिपके उठवत. लातूरकडच्या आमच्या दादीच्या मनगटावरही एक होता. भुवया-पापण्यांचं आजचं तंत्र अलीकडचं. पापण्यांच्या कडेला रंग भरण्याची पद्धत अमेरिकी नेत्रतज्ज्ञ जिओरा अँग्रेस यांनी 1984 मध्ये मांडली.

हदीसमध्ये गोंदणाऱ्या आणि गोंदवून घेणाऱ्या बायांवर लानत आहे. सौंदर्यासाठी अल्लाहची घडण बदलतात म्हणून. पण अबू दाऊद आणि तिर्मिझींच्या संग्रहांत अरफजांचीही हदीस आहे. इस्लामपूर्व कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक गेलं. चांदीचं बसवलं, त्याला दुर्गंधी सुटली. तेव्हा पैगंबरांनी सोन्याचं बसवायला सांगितलं. पुरुषाला सोनं वर्ज्य असूनही! म्हणजे नटणं वेगळं, गेलेलं भरून काढणं वेगळं. याच आधारावर अनेक उलेमा व्यंग झाकणाऱ्या उपचारांना मुभा देतात. भुवयांच्या टॅटूवर मात्र एकमत नाही.

चाईत शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, पण मुळं सहसा मरत नाहीत. केस परतू शकतात. गोंदलेला रंग विटतो, सहज पुसत नाही.

आपाला म्हणालो, आधी त्वचारोगतज्ज्ञ, तोवर पेन्सिल. पुढचा निर्णय तिचा. आरशासमोर रोज तिलाच उभं राहायचंय.