आयर्विनला किती फूट?

मंडळी, आपल्या कुवेतमध्ये नदी नाही. तरी मे २०१९ मध्ये इथे भलामोठा पूल सुरू झाला. कुवेतच्या खाडीवरचा शेख जाबेर पूल, लांबी सुमारे ३६ किलोमीटर. एका शुक्रवारी आम्ही मुलांना घेऊन पार सुबियापर्यंत जाऊन आलो. धाकटा म्हणाला, "बाबा, आपला सांगलीचा पूल याच्यापुढे केवढासा!" खरंच आहे. पण तीनच महिन्यांनी त्या केवढ्याशा पुलाने आमची झोप उडवली.

कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, गादीवर चिंतामणराव आप्पासाहेब. सांगली आणि पलीकडची सांगलीवाडी जोडणाऱ्या या दगडी कमानींच्या पुलाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनचं नाव दिलं गेलं. १९३१ साली गांधीजींशी करार करणारा तोच हा आयर्विन. पुढे साहेब गेला, संस्थानही विलीन झालं, नाव मात्र सांगलीकरांच्या तोंडी राहिलं. कारण हा पूल म्हणजे गावाची फूटपट्टी! पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. कोयना कराडला कृष्णेत मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला. वारणाही फुगलेली असली की कृष्णेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं आणि गावात शिरतं. म्हणून पावसाळ्यात सांगलीकराचा पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?"

२००५ च्या महापुरात पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं. आमच्या घरात ते तिसऱ्या पायरीवर थांबलं. वडिलांनी तिथे भिंतीवर खिळ्याने रेघ मारून ठेवली. ऑगस्ट २०१९ मध्ये मी इथून दर तासाला फोन करत होतो. "आई, मामाकडे जा ना." ती म्हणायची, "अरे, रेघेच्या वर येत नाही पाणी. काळजी करू नकोस." खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. मी फार ताणून धरलं नाही.

त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ बुडाली. शेजारच्या मुलांनी आईला रात्री होडीतून बाहेर काढलं. सोबत फक्त औषधांची पिशवी आणि देव. दीड दिवस तिचा फोन लागत नव्हता. ते दीड दिवस कसे काढले ते इथल्या मित्रांना ठाऊक आहे.

मला वाटतं, आम्ही इतिहास चुकीचा वाचला. जुनी रेघ सांगते की पाणी इथवर आलं होतं. याच्या वर येणार नाही, असं ती कधीच सांगत नाही. २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आई इशाऱ्याच्या ४० फुटांनाच मामाकडे पोचली होती. भिंतीवर आता दोन रेघा आहेत. वरची मी मारली.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आणि हो, पुढच्या पावसाळ्यात घरी फोन कराल तेव्हा नदीचीही चौकशी करा!