डोके इंग्रजी, आटे फ्रेंच

जुन्या मोटारींच्या दुरुस्तीत मुरलेल्या मिस्त्रीच्या पेटीत एक पाना हमखास सापडतो. त्याच्यावर पाव इंचाचा आकडा आणि त्यापुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर कोरलेले असते. नवशिका उमेदवार पट्टी लावून त्या पान्याचे तोंड मोजतो, तेव्हा ते अर्ध्या इंचाहूनही किंचित मोठे भरते. पाना खोटा की पट्टी खोटी, असा त्याला प्रश्न पडतो. वस्तुतः खोटे कोणीच नसते. पान्यावरचा आकडा बोल्टाच्या डोक्याचा नसून त्याच्या अंगाच्या जाडीचा असतो. हा इंग्रजी संकेत आहे. आणि तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने आटे पाडीत असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसेल याची शाश्वती नसे. मँचेस्टरचे यंत्रनिर्माते जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमवून त्यांची मापे घेतली आणि १८४१ साली स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एकसूत्री पद्धती मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला एका इंचात किती आटे असावेत ते ठरलेले. इंग्लंडने ती स्वीकारली. पुढे १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा पुरस्कारिला. आणि १८९८ साली झुरिच येथील परिषदेत युरोपच्या मिलिमीटर पद्धतीचा आटा निश्चित झाला. एकसूत्रतेच्या शोधातून अशी तीन सूत्रे निर्माण झाली, आणि मोटार जन्मास आली ती या तिघांच्या राज्यात.

या तिन्ही घराण्यांचा सर्वांत चमत्कारिक संकर मॉरिस मोटारींच्या इंजिनात झाला. पहिल्या महायुद्धात, पॅरिसनजीकचा आपला कारखाना जर्मनांच्या हाती पडेल या भीतीने, हॉचकिस या फ्रेंच शस्त्रनिर्मात्या कंपनीने इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी कारखाना काढला. तेथे तोफखान्याची नव्हे, तर यंत्रबंदुकांची निर्मिती होई. युद्ध संपले, बंदुकांची मागणी संपली. त्याच सुमारास विल्यम मॉरिस यांना आपल्या मोटारींसाठी इंजिने हवी होती. हॉचकिसने ती करून देण्यास आरंभ केला, आणि १९२३ साली मॉरिस यांनी तो कारखानाच विकत घेतला.

अडचण एवढीच होती की, तेथील यंत्रे फ्रान्सची. ती मिलिमीटरचे आटे पाडीत. सर्व यंत्रे बदलणे म्हणजे मोठा खर्च. आणि इंग्लंडातील गावोगावच्या मिस्त्रींजवळ पाने मात्र व्हिटवर्थचे. यावर जी तोड काढण्यात आली ती चतुर होती. आटे फ्रेंचच ठेवले, पण बोल्टाचे डोके इंग्रजी पान्याच्या मापाचे केले. जे डोळ्यांना दिसते ते इंग्रजी, आणि जे लोखंडाच्या पोटात जाते ते फ्रेंच! मॉरिस टेन गाडीच्या इंजिनात ही प्रथा टिकली. त्या इंजिनापासून घडविलेल्या एमजी गाड्यांच्या इंजिनांतही ती १९५५ सालापर्यंत चालू राहिली.

या तडजोडीची किंमत पुढच्या मिस्त्रींनी मोजली. समजा, एक बोल्ट हरवला आहे. डोक्याला इंग्रजी पाना लागतो, म्हणून मिस्त्री पेटीतून पाच-सोळांश इंचाचा इंग्रजी बोल्ट काढतो. त्याची जाडी ७·९४ मिलिमीटर. मूळ बोल्टाची ८. फरक नखाएवढाही नाही. पहिले दोन आटे सहज धरतात, मग बोल्ट जड होतो. हा गंज असावा असे मानून मिस्त्री लांब दांड्याचा पाना लावतो, आणि बिडाच्या ठोकळ्यातील आटे कायमचे ओरबाडले जातात. आज बाजारात मिळणारा ८ मिलिमीटरचा सर्वसाधारण बोल्टही येथे चालत नाही. त्याच्या दोन आट्यांमधील अंतर सव्वा मिलिमीटर असते, तर या इंजिनात ते केवळ एक मिलिमीटर आहे.

पान्याच्या बाबतीतही हेच. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड सुमारे १३·३ मिलिमीटर असते. १३ चा पाना त्या डोक्यावर चढत नाही. १४ चा चढतो, पण सैल बसतो; सारा जोर सहा कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे गोल होतात. एकदा कोपरे गेले की योग्य पाना आणूनही उपयोग नसतो.

भारतातही हे तिन्ही संप्रदाय एकत्र नांदले. हिंदुस्थान मोटर्सची ‘हिंदुस्थान टेन’ ही मॉरिस टेनचेच भारतीय रूप होती. मुंबईत कुर्ला येथे शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीतून अमेरिकन डॉज गाड्या निघाल्या, आणि पुढे इटालियन फियाटही. अमेरिकन पान्यावर डोक्याची रुंदी इंचात, इटालियन पान्यावर ती मिलिमीटरमध्ये, आणि इंग्रजी पान्यावर बोल्टाची जाडी! या साऱ्या गाड्या ज्या गॅरेजात येत, तेथे तीन संच बाळगण्यावाचून गत्यंतर नसे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी व अमेरिकन सुटे भाग एकमेकांना न बसल्यामुळे दोस्त राष्ट्रांची फार ओढाताण झाली. त्यातून धडा घेऊन १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा समाईक आटा मान्य केला. कालांतराने मिलिमीटरने बहुतेक मोटारजग व्यापले. तथापि विविधता संपली नाही. ती आट्यांतून निघून डोक्यात शिरली. १९६७ साली अमेरिकेत सहा पाकळ्यांचे टॉर्क्स डोके निघाले. जर्मन गाड्यांत बारा कोनांची खाच आली. तेलकट काजळीखाली दोन्ही सारखीच दिसतात. खाच चिंधीने व तारेच्या ब्रशने साफ केल्यावाचून हत्यार घालणारा आजही फसतो.

म्हणून जाणते मिस्त्री उमेदवाराला दोन सवयी आधी लावतात. बोल्ट प्रथम बोटांनी फिरवावा. तो अडला तर जोर न लावता आट्यांवर दातेरी मापपट्टी धरून पाहावी. आणि पाना डोक्यावर चढला एवढ्यावरून तो योग्य मानू नये, हलवून पाहावा. कॉव्हेंट्रीच्या त्या कारखान्यात झालेली तडजोड बोल्टाच्या डोक्यावर कोठेही लिहिलेली नाही. ती कळते फक्त हाताला, आणि तीही हात सावकाश चालला तरच.