शीवची टेकडी

भिलाईहून मुंबईला जाताना कुर्ला मागे पडले की आपण बॅगा काढू लागतो. मधल्या शीव स्टेशनकडे कोणाचेच लक्ष नसते. शीव म्हणजे हद्द. पूर्वी मुंबई बेट इथे संपायचे. पुढे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी.

स्टेशनच्या पूर्वेला टेकडीवर छोटा किल्ला आहे. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ दरम्यान, तो बांधला गेला. अशा टेहळणीच्या जागा बेटाच्या कडेने शिवडी, माहीम, वरळीलाही होत्या. किल्ले कसले, चौक्याच त्या! १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान थेट शिवडीलाच उतरला आणि त्याने इंग्रजांना त्यांच्या कोटात कोंडले.

पुढची गोष्ट मात्र आपली आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली. धारावीच्या काळ्या किल्ल्यावरील शिलालेखात गव्हर्नर हॉर्नचे नाव आहे आणि साल तेच, १७३७! मला तरी हा योगायोग वाटत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्याच धामधुमीत वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून पाडण्यात आला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेईपर्यंत शीवचा पहारेकरी डोळ्यात तेल घालून बघत होता तो आपल्याच मुलखाकडे. आमच्या इथल्या हिंदी शाळेत हे कधी आलेच नाही.

१६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी शीवच्या दलदलीत घातलेल्या भरावावरून पलीकडे गेली. आम्हा रेल्वेवाल्यांना कौतुक त्या भरावाचेच जास्त. पुढच्या खेपेला दादरहून लोकलने शीवला जा, टेकडी चढायला फार वेळ लागत नाही.