गारद्यांचा थकलेला पगार: पानिपत ते शनिवारवाडा

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर मराठी फौज अखेरच्या लढाईस सज्ज होत असताना इब्राहिमखान गारदी सदाशिवरावभाऊंसमोर आला आणि त्याने विषय काढला तो पगाराचा!

हा प्रसंग काशिराज पंडिताच्या वृत्तान्तात आहे. काशिराज त्या वेळी शत्रुपक्षात, शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. म्हणजे त्याने हे ऐकून लिहिले असणार. पण त्याचा आशय विलक्षण आहे. माझ्या लोकांना दरमहा पगार मिळावा म्हणून मी हट्ट धरला, त्यामुळे आपली माझ्यावर नाराजी झाली. या महिन्यात खजिनाच लुटला गेल्याने आम्हांस काहीच मिळाले नाही. असो, आजवरचा पैसा आम्ही फुकट खाल्लेला नाही, हे आज दिसेल, असे खानाचे म्हणणे.

खजिन्याची गोष्ट खरी होती. दिल्लीहून पैसा घेऊन निघालेली तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून अफगाण छावणीत जाऊन पडली होती. त्याआधी गोविंदपंत बुंदेले मारले गेल्याने रसद आटली होती. त्याच्याही आधी फौजेच्या खर्चासाठी भाऊंनी दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत काढून त्याची नाणी पाडली होती.

मग खानाचा एवढा हट्ट कशासाठी? मराठी फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगिराचा सरकारी. सरदाराला सरंजाम होता. पगारास उशीर झाला तरी त्याची चूल विझत नसे. लढाईत पडलेल्याच्या कुटुंबासाठी ‘बालपरवेशी’ची चाल होती. गारदी मात्र फ्रेंच धर्तीवर कवायत शिकलेला रोजगारी शिपाई. त्याला ना वतन, ना सरंजाम, ना मुलखात भाऊबंद. महिन्याची रोकड हाच त्याचा राज्याशी एकमेव धागा.

त्या दिवशी खानाच्या पलटणींनी डाव्या बगलेवर समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. त्यांतले बहुतेक गारदी तिथेच पडले. जखमी खान अफगाणांच्या हाती लागला आणि मारला गेला. त्या महिन्याचा पगार अर्थातच कोणी मागितला नाही.

आता बारा वर्षे पुढे. ३० ऑगस्ट १७७३. स्थळ शनिवारवाडा, दिवस गणेशोत्सवाचे. पेशवेपदी नारायणराव, वय अवघे अठरा. पहाऱ्यावर होते सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ यांचे गारदी. सकाळीच त्यांच्यात पगाराच्या थकबाकीवरून गलबला सुरू होता. नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करण्यास सांगितले. तो वेळेत झाला नाही. त्या काळी थकलेल्या पगारासाठी शिपायांनी तकाजा करावा, धरणे धरावे, हे नित्याचेच होते. दुपारी गारदी वाड्यात घुसले ते पगार मागतच. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. काकांना मिठी मारलेल्या पुतण्यावर तलवारी चालल्या, त्याला वाचवू पाहणारा चापाजी टिळेकरही तुकडे होऊन पडला.

कट रघुनाथरावांच्या पक्षाचा होता. थकबाकी हे त्याचे मूळ नव्हे, पण कट शिजवणाऱ्यांना तयार हत्यार मिळाले ते तिच्यातूनच. ज्याचा पगार थकलेला आहे आणि ज्याला दुसरे काहीच नाही, अशा पहारेकऱ्याला फोडण्यास फारशी चतुराई लागत नाही. ‘ध’चा ‘मा’ झाल्याच्या कथेने मात्र पिढ्यान्‌पिढ्या सर्वांचे लक्ष एका अक्षरावर खिळवून ठेवले. हिशेबाच्या वह्यांकडे फारसे कोणी पाहिलेच नाही. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, पुढे पकडलेल्या गारद्यांना देहान्त शासनही झाले. पण पलटणींचा पगार वेळेवर कसा व्हावा, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर शोधले ते महादजी शिंद्यांनी, उत्तरेत. डी बॉयनच्या कवायती कंपूच्या खर्चासाठी त्यांनी दुआबातील परगणेच लावून दिले. वसुली पलटणीच्या नावे, म्हणून पगार नियमित. या फौजेत जखमी शिपायाला उपचाराच्या काळातही पगार चालू राही, वर जखमेबद्दल रक्कम मिळे. कायमचा जायबंदी झाल्यास त्याला निम्म्या पगाराइतके निवृत्तिवेतन आणि जमीन मिळे. डी बॉयन १७९५च्या अखेरीस नोकरी सोडून युरोपास निघाला, तोवर ही घडी मोडली नव्हती.